नजरेचा कोन मोजताना

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत हिशेब अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. डोळा नाकाकडे वळलेला असेल, तर त्याला आत ओढणारा स्नायू मूळ जागेवरून सोडवून थोडा मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. किती मागे शिवायचा, यासाठी शल्यचिकित्सकांची कोष्टकं ठरलेली असतात. दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू मागे न्यायचे असतील, तर एका प्रचलित कोष्टकाप्रमाणे ३० प्रिझम डायॉप्टरच्या (हे तिरळेपणा मोजायचं एकक) तिरळेपणाला प्रत्येकी साडेचार मिलिमीटर, ३५ ला पाच, ४० ला साडेपाच. म्हणजे मापात पाच एककांचा फरक पडला की सुरी अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकते.

एवढ्या नेमक्या कोष्टकाला जो आकडा पुरवायचा, तो मात्र इतका नेमका नसतो. आत वळलेल्या डोळ्यांची मुलं दोन तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे मोजून घेण्याचा एक अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की कोन २० प्रिझम डायॉप्टरपेक्षा मोठा असेल, तर दोन मापांत १२ किंवा त्याहून जास्त फरक असल्याशिवाय तिरळेपणा खरोखर वाढला किंवा कमी झाला असं खात्रीनं म्हणता येत नाही. त्याहून कमी फरक निव्वळ मोजणाऱ्यांमुळेही पडू शकतो. कोष्टकाच्या भाषेत ही तफावत एका मिलिमीटरहून जास्त होते.

खेळासाठी बनलेलं व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं हेडसेट, म्हणजे व्हीआर हेडसेट, नेत्रतपासणीच्या खोलीत आलं ते या फटीतून. डोळ्यांवर चढवायची ही पेटी प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवते, आणि काही हेडसेटमध्ये डोळे कुठे वळले आहेत हे टिपणारे कॅमेरेही असतात. तिरळेपणा मोजायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. पण यंत्राच्या आकड्यावर कितपत विसंबायचं हे समजून घ्यायचं, तर आधी हा आकडा येतो कसा आणि तो इतका निसटता का असतो, ते पाहायला हवं.

सहा स्नायू, तीन नसा

प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो. चार सरळ, दोन तिरके. मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा त्यांना हुकूम देतात. बाहेर ओढणाऱ्या स्नायूला सहावी नस, वरच्या तिरक्या स्नायूला चौथी, आणि उरलेल्या चारही स्नायूंना तिसरी. दोन डोळ्यांचे मिळून बारा स्नायू इतक्या मेळानं चालावे लागतात, की दोन्ही दृष्टिपटलांवर एकाच वस्तूची प्रतिमा बरोबर मध्यावर पडावी. मग मेंदू त्या दोन प्रतिमा जुळवून एक करतो आणि त्यातून खोलीची जाणीव मिळते.

हा मेळ बिघडला की एक डोळा लक्ष्यावर असतो आणि दुसरा भलतीकडे. आत, बाहेर, वर किंवा खाली. तिरळेपणा शंभरात साधारण दोन ते चार जणांना असतो. मोठेपणी तो अचानक आला तर माणसाला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. लहान मुलाचा मेंदू मात्र वळलेल्या डोळ्याचं चित्र बाजूला सारायला शिकतो. दुहेरी दिसणं टळतं, पण त्या डोळ्याची दृष्टीच नीट घडत नाही. आळशी डोळा म्हणतात तो हाच. आपल्याकडे ‘तिरळं मूल नशीबवान’ असं म्हणून गप्प बसण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही, आणि उपचाराला सर्वांत अनुकूल असलेली वर्षं त्यात निघून जातात.

प्रकाशाचा ठिपका आणि काचेची पाचर

तिरळेपणा मोजण्याची सर्वांत साधी युक्ती बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग यांच्या नावानं ओळखली जाते. १८८० च्या दशकातली ही पद्धत. समोर दिवा धरायचा आणि दोन्ही बुबुळांवर त्याचं प्रतिबिंब कुठे पडतं ते पाहायचं. सरळ डोळ्यात ते बाहुलीच्या जवळपास मध्यावर असतं. वळलेल्या डोळ्यात ते बाहुलीच्या कडेला पडलं तर कोन साधारण १५ अंश, बुबुळाच्या रंगीत भागाच्या मध्यावर पडलं तर ३०, आणि बुबुळ जिथे संपून पांढरा भाग सुरू होतो तिथे पडलं तर ४५. तान्ह्या मुलावरही ही तपासणी होते, पण हा अंदाज असतो. त्यातच डोळ्याची पाहण्याची रेषा आणि बाहुलीच्या मधून जाणारी रेषा मुळातच एक नसतात. दोहोंत काही अंशांचा फरक असतो आणि तो माणसागणिक बदलतो. त्यामुळे पूर्ण सरळ डोळेही या तपासणीत किंचित वळलेले वाटू शकतात.

नेमक्या मापासाठी प्रिझम वापरतात. प्रिझम म्हणजे काचेची किंवा प्लास्टिकची पाचर, जी प्रकाशाची दिशा वळवते. ज्या प्रिझममुळे एक मीटरवर प्रकाश एक सेंटिमीटर सरकतो, त्याची ताकद एक प्रिझम डायॉप्टर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले चार्ल्स प्रेंटिस यांनी हे एकक सुचवलं. छोट्या कोनांसाठी एक अंश म्हणजे सुमारे पावणेदोन प्रिझम डायॉप्टर.

तपासणी अशी चालते. मूल सहा मीटरवरच्या चित्राकडे पाहतं. तपासणारी व्यक्ती एक डोळा झाकते, मग झाकण दुसऱ्या डोळ्यावर नेते, पुन्हा पहिल्यावर, दोन्ही डोळे एकदम उघडे राहू न देता. झाकणाखालून मोकळा झालेला डोळा लक्ष्य पकडायला झटकन हलतो. मग त्या डोळ्यासमोर प्रिझम धरायचे आणि ही हालचाल थांबेपर्यंत ताकद वाढवत न्यायची. ज्या प्रिझमला हालचाल थांबली, तोच तिरळेपणाचा आकडा. जगभर प्रमाण मानली जाते ती हीच पद्धत.

लिहिताना सोपी वाटणारी ही तपासणी हातात मुरायला वर्षं लागतात. काचेचा ४० चा प्रिझम योग्य कोनात न धरता त्याची मागची बाजू चेहऱ्याला समांतर धरली, तर त्याचा परिणाम ३२ एवढाच होतो. एकाच दिशेचे दोन प्रिझम एकावर एक ठेवले तर त्यांची साधी बेरीज होत नाही. डोळ्याची दोन प्रिझम डायॉप्टरहून लहान हालचाल अनुभवी नजरेलाही टिपता येणं कठीण. आणि मूल या सगळ्या वेळात चित्राकडेच पाहत राहील, याची हमी कोणी द्यायची?

मोजायची गोष्टच हलती

मोजणाऱ्याच्या हाताला सगळा दोष देणंही बरोबर नाही. तिरळेपणा हा हाडाच्या लांबीसारखा ठरलेला आकडा नाही. तो रक्तदाबासारखा आहे. कधी, कुठे आणि कोणत्या स्थितीत मोजला, यावर तो बदलतो.

काहींचा डोळा सतत वळलेला असतो. काहींचा फक्त थकल्यावर किंवा तंद्री लागल्यावर बाहेर जातो आणि एरवी मेंदू तो जागेवर ओढून धरतो. काहींचा दोष झाकण लावून दोन डोळ्यांची जोडी तोडल्याशिवाय दिसतच नाही. लांब पाहताना एक माप येतं, ३३ सेंटिमीटरवर वाचताना दुसरं. ज्या मुलांना प्लस नंबर असतो त्यांना स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातल्या भिंगावर जोर द्यावा लागतो. त्या जोराबरोबर डोळे आपोआप आत वळतात. अशा मुलाचा तिरळेपणा चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय असे दोन अगदी वेगळे आकडे देतो. कधी कधी चष्मा लावल्यावर तो पूर्ण नाहीसाही होतो आणि शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरत नाही.

स्नायूला लकवा असेल तर आणखी गुंतागुंत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एव्हाल्ड हेरिंग यांनी १८६८ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे मेंदू दोन्ही डोळ्यांच्या जोडीदार स्नायूंना सारखाच हुकूम पाठवतो. निकामी स्नायूचा डोळा लक्ष्यावर धरायचा म्हणजे जादा जोराचा हुकूम सोडावा लागतो, आणि तोच जादा हुकूम दुसऱ्या, निरोगी डोळ्याला मिळून तो जास्त वळतो. म्हणजे कोणत्या डोळ्यानं पाहायला सांगितलं यावर एकाच माणसाचा, एकाच मिनिटातला कोन बदलतो.

म्हणूनच अनुभवी ऑर्थोप्टिस्टच्या, म्हणजे दोन डोळ्यांचा मेळ तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, नोंदीत एक आकडा नसतो. लांबचा आणि जवळचा, चष्म्यासह आणि चष्म्याविना, समोर पाहताना आणि वर-खाली, डावी-उजवीकडे धरून नऊ दिशांना पाहताना, मान एका बाजूला कलवून, अशा किती तरी मापांचा तो तक्ता असतो. या सगळ्या अटी दर भेटीला तंतोतंत तशाच ठेवणं हे माणसाच्या हाताला जड जातं.

दोन डोळ्यांना दोन चित्रं

प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवून नजर तपासायची कल्पना हेडसेटपेक्षा पावणेदोनशे वर्षांनी जुनी आहे. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्टीरिओस्कोप मांडला. दोन आरसे, दोन किंचित वेगळी चित्रं, आणि पाहणाऱ्याला मध्ये उभी राहिलेली त्रिमितीय आकृती. पुढे फ्रान्समध्ये एमिल जावाल यांनी तिरळेपणाच्या उपचारासाठी स्टीरिओस्कोपचा वापर केला. त्यांच्या बहिणीलाही हा दोष होता. १८९६ साली त्यांनी तिरळेपणावर मोठा ग्रंथ लिहिला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये क्लॉड वर्थ यांनी याच तत्त्वावर दोन हलत्या नळ्यांचं उपकरण बनवलं. त्याचा पुढचा अवतार म्हणजे सायनॉप्टोफोर. टेबलावरचं हे यंत्र आजही अनेक मोठ्या नेत्र रुग्णालयांत दिसतं. एका नळीतून सिंह दिसतो, दुसरीतून पिंजरा. सिंह पिंजऱ्यात बसेपर्यंत नळ्या फिरवायच्या आणि बाजूच्या पट्टीवरून कोन वाचायचा.

त्याच काळातली दुसरी वाट स्वित्झर्लंडमधल्या वाल्टर हेस यांची. १९०८ साली त्यांनी एक पडदा योजला. लाल-हिरव्या काचांच्या चष्म्यानं एका डोळ्याला पडद्यावरच्या खुणा दिसतात, तर दुसऱ्याला हातातला दर्शक. रुग्णानं दर्शक खुणेवर आणून ठेवायचा. त्याला तो बरोबर खुणेवर वाटतो, पण प्रत्यक्षात जितका बाजूला पडतो तितका डोळा वळलेला. नऊ दिशांच्या खुणा जोडल्या की दोन डोळ्यांचे दोन चौकोन तयार होतात आणि लकवा झालेल्या डोळ्याचा चौकोन आक्रसलेला दिसतो. नेत्रवैद्यक सोडून पुढे मेंदूच्या संशोधनात शिरलेल्या हेस यांना १९४९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांचं नाव टिकलं आहे ते या पडद्यामुळे.

व्हीआर हेडसेटमध्ये या दोन्ही वाटा एकत्र येतात. प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र पडदा आणि भिंग, म्हणजे सायनॉप्टोफोरच्या नळ्या. पडद्यावरचं कोणतंही चित्र कुठेही सरकवता येतं, म्हणजे हेसचा पडदा. ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासात नेमकं हेच करून पाहिलं. हेसच्या पडद्याची सुधारलेली आवृत्ती असलेल्या लीस पडद्याची तपासणी त्यांनी हेडसेटमध्ये उभी केली आणि दोन्हींच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या. रुग्ण काय सांगतो यावर ही पद्धत चालते, तेव्हा तिला कॅमेऱ्याची गरजही लागत नाही.

झाकलेला डोळाही दिसतो

खरा पालट झाला तो नजरेचा माग काढणारे कॅमेरे हेडसेटमध्ये आल्यावर. ऑक्युलसचं पहिलं हेडसेट २०१२ साली लोकवर्गणीतून उभं राहिलं, तेव्हा त्यात अशी सोय नव्हती. पुढे जपानच्या फोव्ह कंपनीनं आणि २०१९ साली एचटीसीनं व्हाइव्ह प्रो आय या नमुन्यात ती दिली. भिंगाभोवती डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे बसवलेले असतात. छोटा कॅमेरा बाहुलीचा मध्य आणि बुबुळावर पडलेली त्या दिव्यांची प्रतिबिंबं सेकंदाला शंभरहून जास्त वेळा टिपतो. हिर्शबर्ग दिव्याचा ठिपका नुसत्या डोळ्यांनी पाहत; इथे तोच ठिपका संगणक मोजतो.

झाकणाची तपासणी हेडसेटमध्ये होते ती अशी. दोन्ही डोळ्यांना लांबवरचं लक्ष्य दिसतं. मग उजव्या डोळ्याचा पडदा काळा केला जातो. डावा डोळा लक्ष्यावर राहतो. उजव्याला आता धरून ठेवायला काही नसतं, म्हणून तो आपल्या निवांत जागी सरकतो. थोड्या वेळानं पडदे उलट होतात. हाताच्या झाकणामागे डोळा काय करतो ते तपासणाऱ्याला थेट दिसत नाही. झाकण काढल्यावर होणाऱ्या हालचालीवरून त्याला तर्क करावा लागतो. हेडसेटमध्ये मात्र अंधारातला डोळाही कॅमेऱ्याला सतत दिसत असतो. तो किती वळला, किती वेळात वळला, मध्येच परतला का, हे सगळं आलेखावर उमटतं. प्रिझमची गरजच उरत नाही.

लक्ष्य नऊ दिशांना सरकवणं हे इथे प्रोग्रॅमच्या एका ओळीचं काम. मान किती कलली आहे हे हेडसेटमधला संवेदक सांगतो, त्यामुळे चौथ्या नसेच्या लकव्यासाठी मान कलवून करतात त्या तपासणीतही कलण्याचा कोन नोंदवला जातो.

पण इथे एक सापळा आहे. नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राला आधी त्या माणसाच्या डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते. पडद्यावर एकेक ठिपका दाखवून ‘इकडे पाहा’ असं सांगतात आणि त्या वेळी दिसलेली बाहुलीची जागा यंत्र त्या ठिपक्याशी जोडून ठेवतं. बाजारातलं हेडसेट बहुधा हे दोन्ही डोळे उघडे ठेवून करतं, कारण दोन्ही डोळे ठिपक्यावरच आहेत असं ते धरून चालतं. तिरळ्या माणसाच्या बाबतीत हे गृहीतकच खोटं असतं. एक डोळा ठिपक्यावर नसताना यंत्र ‘हाच सरळ’ असं शिकतं, आणि पुढे तिरळेपणा वजा करूनच माप देतं. मोजायची गोष्ट मोजण्याआधीच पुसली जाते. म्हणून या कामासाठी प्रत्येक डोळ्याची ओळख वेगळी, दुसऱ्याचा पडदा काळा ठेवून करावी लागते. तशी केली तर उलट एक फायदा मिळतो. पाहण्याची रेषा आणि बाहुलीची रेषा यांतला तो व्यक्तीगणिक बदलणारा फरक इथे आपोआप निघून जातो.

अंशाचा हिशेब

यंत्र म्हटलं की माणसापेक्षा सूक्ष्मच असणार, अशी आपली समजूत असते. इथे जरा हिशेब मांडून पाहू. व्हाइव्ह प्रो आयच्या निर्मात्यांनी दिलेली अचूकता अर्धा ते १.१ अंश, आणि तीही दृष्टीच्या मधल्या २० अंशांच्या पट्ट्यात. एक अंश म्हणजे जवळपास पावणेदोन प्रिझम डायॉप्टर. म्हणजे चांगल्या ऑर्थोप्टिस्टची नजर जिथे थांबते, साधारण तिथेच हा कॅमेराही थांबतो. कोन मोठा झाला की त्रिकोणमितीही विरुद्ध जाते. १० अंशांचे १७.६ प्रिझम डायॉप्टर होतात, २० अंशांचे ३६.४, आणि ३० अंशांचे ५७.७. तीस अंशांपाशी एका अंशाची चूक सव्वादोन प्रिझम डायॉप्टरहून जास्त महाग पडते, आणि मोठा वळलेला डोळा तर त्या मधल्या पट्ट्याच्या बाहेरच असतो.

तेव्हा हेडसेटचं मोल शोधायचं ते दुसरीकडे. काळा पडदा दर वेळी त्याच क्षणी, तेवढ्याच वेळासाठी पडतो. लक्ष्य तेवढंच मोठं, तेवढ्याच अंतरावर असतं. पहिल्या भेटीत आणि सहा महिन्यांनंतर, पुण्यात आणि गडचिरोलीत, तपासणारी व्यक्ती कोणीही असली तरी अटी बदलत नाहीत. नोंद साठून राहते आणि दुसरा डॉक्टर ती पुन्हा उघडून पाहू शकतो. २००९ च्या त्या अभ्यासातली तफावत ज्या कारणांनी येते त्यातली काही, म्हणजे हात, प्रिझमचा कोन, झाकणाचा वेग, इथे वगळली जातात.

याचा सर्वांत सरळ उपयोग मोठ्या माणसांच्या लकव्यात दिसतो. मधुमेहींमध्ये सहाव्या किंवा तिसऱ्या नसेला रक्तपुरवठा कमी पडून अचानक दुहेरी दिसू लागणं ही ओळखीची तक्रार आहे. बहुतेकांचा डोळा साधारण तीन महिन्यांत पूर्वपदावर येतो. सुधारणा होते आहे की नाही हे पाहायला पुन्हा पुन्हा, त्याच अटींत मोजणं लागतं. हे रुग्ण सूचना पाळू शकतात आणि चेहऱ्यावर हेडसेट नीट बसतं.

पेटी स्वतःच्या अटी आणते

हेडसेट जुन्या अटी पक्क्या करतं, पण सोबत काही नव्याही लादतं. पहिली अट अंतराची. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो आणि भिंगांमुळे तो साधारण एक-दोन मीटरवर असल्यासारखा भासतो. हे अंतर बहुतेक हेडसेटमध्ये कायमचं ठरलेलं असतं. चित्रात डोंगर दाखवा किंवा नाकासमोरचं फूल, डोळ्यातल्या भिंगाला तेवढाच जोर लावावा लागतो. प्लस नंबरच्या मुलाचा तिरळेपणा तर त्या जोरावरच अवलंबून असतो. त्यामुळे लांबचं आणि जवळचं अशी खरी दोन मापं घेणं इथे अवघड होतं. शिवाय चष्मा लावूनच मोजायचं तर तो पेटीत मावला पाहिजे आणि त्याच्या काचांवरून इन्फ्रारेड प्रकाश परावर्तित होऊन कॅमेऱ्याला चकवता कामा नये.

दुसरी अट मनाची. काहीतरी चेहऱ्याच्या अगदी जवळ आहे हे माहीत असलं की डोळे नकळत किंचित आत वळतात. सायनॉप्टोफोरच्या बाबतीत हा दोष जुनाच ठाऊक आहे. खोलीतल्या भिंतीवरचं चित्र पाहताना आणि पेटीत शिरून तेच चित्र पाहताना नजर सारखी वागत नाही.

तिसरी अट चेहऱ्याची. हेडसेट घडवलं जातं प्रौढांच्या मापानं. क्वेस्ट २ या लोकप्रिय नमुन्यात दोन भिंगांमधलं अंतर ५८, ६३ किंवा ६८ मिलिमीटर ठेवता येतं आणि वजन सुमारे अर्धा किलो आहे. लहान मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर यातल्या सर्वांत कमी मापापेक्षाही कमी असतं आणि मान तेवढं ओझं फार वेळ पेलत नाही. ज्या वयात तिरळेपणा ओळखणं सर्वांत मोलाचं, त्याच वयाला हे यंत्र सर्वांत कमी बसतं.

ज्यांचा डोळा सतत थरथरतो, ज्यांचा एक डोळा लक्ष्य धरूच शकत नाही, त्यांच्याकडून यंत्राला स्थिर माप मिळत नाही. डोळा स्वतःच्या आसाभोवती फिरला असेल तर बाहुलीचा मध्य हलत नाही, म्हणून साध्या कॅमेऱ्याला ते कळतच नाही. आणि रुग्णाच्या उत्तरावर चालणाऱ्या तपासणीत, मेंदूनं एका डोळ्याचं चित्र आधीच दाबून टाकलेलं असेल तर जुळवायला दुसरं चित्रच उरत नाही.

जुळतं म्हणजे किती जुळतं?

गेल्या काही वर्षांत दक्षिण कोरिया, तैवान अशा ठिकाणच्या नेत्रतज्ज्ञांनी हेडसेटची मापं प्रिझमच्या मापांशी ताडून पाहिली. तैवानच्या २०२१ मधल्या अभ्यासात व्हाइव्ह प्रो आय वापरलं होतं. अशा अभ्यासांत दोन्ही मापं एकमेकांबरोबर वाढतात आणि घटतात, हे दिसून आलं आहे. पण ‘घट्ट संबंध आढळला’ हे वाक्य वाचताना सावध राहावं लागतं. एखादं यंत्र प्रत्येकाचं माप दहानं कमी दाखवत असेल, तरी त्याचा प्रिझमशी संबंध अगदी घट्टच निघेल. ब्रिटनचे संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हीच गफलत दाखवून दिली. दोन पद्धतींतला प्रत्येक रुग्णाचा फरक काढा, तो सरासरीनं एका बाजूला झुकतो का आणि किती पसरतो ते पाहा, असं त्यांचं सांगणं होतं. शल्यचिकित्सकाला काम असतं ते याच पसरण्याशी. हा फरक पाच प्रिझम डायॉप्टरच्या आत बसला तर अर्धा मिलिमीटर सांभाळला गेला.

याच हेडसेटवर आळशी डोळ्याच्या उपचाराचे खेळ आणि चित्रपटही चालतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ साली लुमिनोपिया या उपकरणाला चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. पण उपचार आणि मोजमाप या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाची परवानगी दुसऱ्याच्या अचूकतेचा पुरावा होत नाही, आणि आळशी डोळ्याची दृष्टी सुधारली म्हणून वळलेला डोळा सरळ होतोच असं नाही.

मापाची जागा

भारतात काचबिंदूसाठी दृष्टीचं क्षेत्र मोजणारी हेडसेट याआधीच दवाखान्यांत पोहोचली आहेत. अंधारी खोली आणि जड यंत्र यांची जागा तिथे एका पेटीनं घेतली. तिरळेपणाच्या बाबतीतही ती वाट मोकळी आहे. तालुक्याच्या गावात प्रशिक्षित ऑर्थोप्टिस्ट मिळणं दुर्मीळ. तिथल्या तंत्रज्ञानं हेडसेटवर नोंद घ्यावी आणि शहरातल्या तज्ज्ञानं ती पाहून कोणाला बोलवायचं ते ठरवावं, एवढं झालं तरी हेलपाटे वाचतील. चाचपणीला आणि आधी मोजलेल्याची प्रगती पाहायला ही मापं आजही कामाची आहेत. शस्त्रक्रियेआधीचा शेवटचा आकडा मात्र झाकण आणि प्रिझम हातात घेऊनच, एकाहून जास्त भेटींत पडताळून घ्यावा लागतो.

आईवडिलांनी यातल्या कशासाठीही थांबायची गरज नाही. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे होणं स्वाभाविक असतं. त्यानंतरही डोळा वळलेला दिसला, किंवा आधी सरळ असलेला डोळा अचानक वळला, तर लगेच नेत्रतज्ज्ञाला दाखवावं. क्वचित प्रसंगी दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही पहिली खूण तिरळेपणा हीच असते, आणि ती हेडसेटला नव्हे, डोळ्याच्या आत पाहणाऱ्या डॉक्टरला सापडते. सपाट नाकामुळे आणि डोळ्याच्या कोपऱ्यावरच्या कातडीच्या घडीमुळे सरळ डोळेही तिरळे भासतात. तेही तपासूनच कळतं.

तपासणीनंतर कागदावर ‘३५ प्रिझम डायॉप्टर’ असं लिहून मिळालं, तर पुढचा प्रश्न विचारायला संकोच नको. लांबचं की जवळचं, चष्म्यासह की चष्म्याविना, कोणता डोळा लक्ष्यावर असताना, आणि कशानं मोजलं? माप प्रिझमनं आलेलं असो की पेटीतून, या चार उत्तरांशिवाय त्या आकड्यावर स्नायू हलवू नये.